रात्रिजागरणाचा परिहार : चिनी व आयुर्वेदीय विचारांची तौलनिक चिकित्सा (विशेष संदर्भ : अहमदनगर जिल्हा)

प्रस्तावना

मराठी भाषेत 'जागरण' या शब्दाला दोन परस्परविरोधी छटा आहेत. खंडोबाचे जागरण, देवीचा जागर, कोजागरीची रात्र या संदर्भांत हा शब्द पुण्य, उत्सव आणि सामूहिक आनंद सूचित करतो. 'जागरणाने पित्त झाले', 'जागरण अंगावर आले' अशा घरगुती बोलण्यात मात्र तोच शब्द अनारोग्याचे कारण म्हणून येतो. एकाच शब्दात पुण्य आणि पीडा एकत्र नांदत असल्याने जागरणानंतर प्रकृती पूर्ववत कशी करावी, हा प्रश्न मराठी समाजाला जुनाच आहे. त्याची उत्तरे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी, वैद्यांनी आणि व्रतवैकल्यांच्या परंपरेने आपापल्या परीने दिलेली आहेत.

अलीकडच्या काळात या उत्तरांत चिनी वैद्यकाची भर पडली आहे. रात्री अकरा ते एक हा पित्ताशयाचा काळ, एक ते तीन हा यकृताचा काळ, म्हणून अकराच्या आत झोपलेच पाहिजे, असे सांगणारे तक्ते मराठी आरोग्यलेखनात आणि भ्रमणध्वनीवरील संदेशांत सर्रास आढळतात. त्यांच्या जोडीला शेवंतीच्या फुलांचा चहा, गोजी फळे, निजण्यापूर्वी कोमट पाण्यात पाय बुडवून बसणे, ठरावीक बिंदूंवर दाब देणे हे उपायही सुचविले जातात. या लेखनाचा सूर असा असतो की, रात्र जागून काढली तरी योग्य पदार्थ योग्य वेळी घेतल्यास तिची भरपाई होते.

प्रस्तुत लेखात या समजुतीची चिकित्सा केली आहे. चिनी वैद्यकाचे मूळ ग्रंथ जागरणाविषयी काय सांगतात, आयुर्वेदातील विचार त्याच्याशी कोठे जुळतो आणि कोठे वेगळा होतो, तसेच अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील प्रत्यक्ष जागरणाला या दोन्ही परंपरा कितपत लागू पडतात, या तीन प्रश्नांपुरती लेखाची व्याप्ती मर्यादित आहे. दोन्ही परंपरांतील खरा उपाय द्रव्यापेक्षा वेळेशी निगडित आहे आणि लोकप्रिय लेखनात नेमकी हीच बाब गळून पडते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

१. शब्दांची साक्ष

कोणत्याही समाजाचा शरीरविचार त्याच्या वाक्प्रचारांत सुरक्षित राहतो. चिनी भाषेत रात्री उशिरापर्यंत जागण्याला 'आओ ये' म्हणतात. 'ये' म्हणजे रात्र. 'आओ' या क्रियापदाचा मूळ अर्थ मंद आचेवर उकळणे, आटवणे असा असून सोसणे, कसाबसा काळ कंठणे हा त्याचा विस्तारित अर्थ आहे. औषधी काढा उकळण्यालाही चिनी भाषेत हेच क्रियापद वापरतात. रात्र आटवायची आणि मग तिच्या परिहारासाठी औषध आटवायचे, असा हा भाषिक योगायोग आहे.

मराठीत याच्या अगदी जवळ जाणारा प्रयोग 'रक्त आटवणे' हा होय. अतिकष्टाने शरीरातील ओलावा, सत्त्व कमी होते ही कल्पना त्यात आहे. 'रात्र काढणे' या प्रयोगातही सोसण्याचा अर्थ आहे. आजारी माणसाच्या उशाशी बसणारा किंवा पिकाची राखण करणारा माणूस रात्र 'काढतो'. 'रात्रीचा दिवस करणे' यात कष्टाचा गौरव आहे, तर 'रात्र थोडी सोंगे फार' या म्हणीत रात्रभर चालणाऱ्या खेळाची आठवण आहे.

'डोळ्यांत तेल घालून जागणे' हा वाक्प्रचार विशेष लक्षणीय आहे. येथे तेल जागे राहण्याचे साधन आहे. आयुर्वेदात मात्र तेल, तूप आदी स्नेहद्रव्ये जागरणाने आलेली रुक्षता घालविण्यासाठी आणि निद्रा आणण्यासाठी सांगितली आहेत. दोहोंच्या मुळाशी जागरण शरीराला, विशेषतः डोळ्यांना, कोरडे करते हेच निरीक्षण आहे. चिनी आणि मराठी या दोन दूरच्या भाषांनी जागरणाचे वर्णन आटण्याच्या आणि कोरडे पडण्याच्या प्रतिमांतून करावे, हे पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते.

२. चिनी परंपरेतील जागरणविचार

चिनी वैद्यकाचा आधारग्रंथ 'ह्वांग्दी नेइचिंग' हा पीतसम्राट आणि त्याचे वैद्य यांच्यातील संवादाच्या रूपात रचलेला आहे. त्याचे संकलन सामान्यतः इसवी सनापूर्वीच्या अखेरच्या शतकांतील मानले जाते. या ग्रंथाच्या 'सुवन' या भागाचा आरंभच एका तक्रारीने होतो. पूर्वीची माणसे दीर्घायुषी होती, आताची माणसे पन्नाशीतच थकतात. कारण त्यांच्या उठण्या-निजण्याला, खाण्यापिण्याला मोजमाप राहिलेले नाही, असा तिचा आशय आहे. जागरण ही केवळ आधुनिक काळाची व्याधी आहे, या समजुतीला यामुळे धक्का बसतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या विचारवंतालाही आपला काळ अनियमित वाटत होता.

सुवनमधील दोन विचार प्रस्तुत विषयाशी थेट संबंधित आहेत. पहिला विचार यकृत आणि रक्त यांच्या संबंधाचा. यकृत रक्ताचा साठा करते आणि माणूस आडवा झाला की रक्त यकृताकडे परतते, असे हा ग्रंथ मानतो. दुसरा विचार पाच प्रकारच्या अतिश्रमांचा. दीर्घकाळ पाहत राहिल्याने रक्ताची, पडून राहिल्याने प्राणशक्तीची, बसण्याने मांसाची, उभे राहण्याने अस्थींची आणि चालण्याने स्नायूंची हानी होते, अशी ही मांडणी आहे. रात्री जागणारा माणूस आडवा होत नाही आणि त्याचे डोळेही उघडे असतात. त्यामुळे तो दुहेरी हानी ओढवून घेतो. पुढील काळातील चिनी वैद्यांनी दीर्घ जागरणाचे निदान 'यिन'ची, म्हणजे शीतल आणि आर्द्र अंशाची झीज व त्यामुळे भडकलेला उष्ण अंश असे केले. कोरडे डोळे, तळपायांची आग, चिडचिड आणि थकूनही झोप न लागणे ही त्याची लक्षणे होत.

यावरील प्रसिद्ध औषधयोग 'स्वानचाओरेन थांग' हा होय. हान राजवटीच्या अखेरीस होऊन गेलेल्या चांग चोंगचिंग या वैद्याच्या नावावर असलेल्या ग्रंथात तो येतो. क्षीण झालेल्या आणि अस्वस्थपणामुळे झोपू न शकणाऱ्या रुग्णासाठी तो सांगितला आहे. त्यातील पाच घटकांपैकी मुख्य घटक म्हणजे एका जातीच्या आंबट रानबोराच्या आठळीतील गर. नगर जिल्ह्याच्या कोरडवाहू पट्ट्यात बांधावर वाढणारी बोर ही याच वनस्पतिकुलाची, परंतु वेगळ्या जातीची आहे. त्यामुळे 'आपल्या बोरीतही तोच गुण' असा निष्कर्ष काढता येत नाही.

हा योग कोणासाठी आहे, हे येथे महत्त्वाचे आहे. झोपायला मिळूनही झोप न येणाऱ्या रुग्णासाठी तो आहे. झोप येत असूनही झोपायला न मिळणाऱ्या माणसासाठी त्याची योजना नाही. निद्रानाश आणि निद्रावंचना यांतील हा भेद लोकप्रिय लेखनात पुसला जातो. रात्रपाळी करून आलेल्या कामगाराला निद्रानाशाचे औषध सुचविणे म्हणजे उपाशी माणसाला भूक वाढविणारे चूर्ण देण्यासारखे आहे.

३. घड्याळाचा तक्ता आणि त्याचा मराठी अवतार

चिनी परंपरेत अहोरात्राचे बारा भाग मानले जात. प्रत्येक भाग आजच्या दोन तासांचा असे. प्रत्येक भागाशी एकेका नाडीमार्गाची सांगड घालण्याची पद्धत पुढील शतकांत विकसित झाली आणि तिचा उपयोग मुख्यतः सुईउपचारासाठी योग्य वेळ व बिंदू ठरविण्याकडे होता. आज प्रसृत होणारा तक्ता या पद्धतीचे सुलभीकरण आहे. त्याच्या मराठी अवतारात तीन प्रकारचे अर्थविपर्यास झालेले दिसतात.

पहिला विपर्यास काळाचा आहे. जुने चिनी प्रहर सूर्याच्या स्थानिक गतीवर आधारलेले होते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते, तर नगर शहर सुमारे ७४.७ अंशांवर आहे. प्रत्येक अंशाला चार मिनिटे या हिशेबाने येथील सूर्य घड्याळाच्या अर्धा तास मागे असतो. म्हणजे घड्याळात अकरा वाजतात तेव्हा नगरच्या आकाशानुसार साधारण साडेदहाच झालेले असतात. तक्त्याला मिनिटाच्या काट्यासारखे प्रामाण्य देणाऱ्यांनी हा साधा हिशेब कधी केलेला दिसत नाही.

दुसरा विपर्यास ऋतूचा आहे. सुवनच्या दुसऱ्या अध्यायात झोपेच्या वेळा ऋतूनुसार बदलतात. वसंतात व ग्रीष्मात उशिरा निजून लवकर उठावे, शरदात लवकर निजून लवकर उठावे आणि हेमंतात लवकर निजून उशिरा, सूर्य वर आल्यावर उठावे, असा त्याचा आशय आहे. बारा महिने अकराची सक्ती करणारा तक्ता मूळ ग्रंथाच्या लवचिकतेशी विसंगत आहे.

तिसरा विपर्यास भाषेचा असून तो सर्वांत रोचक आहे. 'अकरा ते एक पित्ताशय' हे वाक्य मराठी वाचक 'अकरा ते एक पित्त' असे वाचतो. जागरणाने पित्त होते, ही त्याच्या घरातील पूर्वापार समजूत असते. आयुर्वेदातही रात्रीचा मध्यभाग पित्ताचा मानलेला आहे. त्यामुळे चिनी तक्ता त्याला आपल्याच परंपरेचा पुरावा वाटतो. वास्तविक चिनी वैद्यकातील पित्ताशयमार्ग, आयुर्वेदातील पित्तदोष आणि आधुनिक शरीरशास्त्रातील पित्ताशय हा अवयव या तीन भिन्न संकल्पना आहेत. चिनी विचारात पित्ताशयाचा संबंध निर्णयशक्ती व धैर्य यांच्याशीही जोडला जातो. आयुर्वेदातील पित्त हे पचन, उष्णता व वर्ण यांचे तत्त्व आहे. केवळ भाषांतरातील शब्दसाम्याने या संकल्पना एकरूप झाल्या आणि तक्ता मराठी मनात सहज रुजला. त्याच्या लोकप्रियतेचे श्रेय चिनी शास्त्रापेक्षा मराठी शब्दाकडे अधिक जाते.

महाराष्ट्रातील चिनी वैद्यकाविषयीच्या आस्थेला एक ऐतिहासिक पार्श्वभूमीही आहे. शेजारच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठविलेल्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच निवर्तले. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटाने त्यांचे नाव घराघरांत पोहोचविले. तथापि कोटणीस हे आधुनिक शल्यचिकित्सक म्हणून तेथे कार्यरत होते. सुईउपचार भारतात आणण्याचे श्रेय त्याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू यांच्याकडे जाते. त्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ते तंत्र आत्मसात केले. पुढे २०१९ मध्ये केंद्र शासनाने या उपचारपद्धतीला स्वतंत्र मान्यता दिली. ही मान्यता सुईउपचाराला आहे. घड्याळाच्या तक्त्याला किंवा बाजारातील चहाच्या पुड्यांना तिचा आधार घेता येत नाही.

४. आयुर्वेदीय विचार : मोजलेली झोप

चरकसंहितेने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहे. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात निद्रेची विस्तृत चर्चा येते. रात्रीचे जागरण रुक्ष, दिवसाची झोप स्निग्ध आणि बसल्या बसल्या घेतलेली डुलकी या दोहोंपासून मुक्त, असे तेथील वर्गीकरण आहे. सुश्रुताने जागरणाचा संबंध वात आणि पित्त या दोन्ही दोषांशी जोडला आहे. मराठी घरातील 'जागरणाने पित्त होते' ही समजूत त्यामुळे सुश्रुताच्या अधिक जवळची ठरते.

झोप न येणाऱ्यासाठी चरकाने अभ्यंग, उटणे, स्नान, दूध, तूप, दह्याबरोबर साळीचा भात, मांसरस, मनाला सुखावणारे गंध व शब्द, चांगले अंथरूण असे उपाय दिले आहेत. निद्रा आणणाऱ्या पदार्थांत म्हशीच्या दुधाला तो अग्रस्थान देतो. कोजागरीला आटीव दूध पिण्याच्या प्रथेत जागरण आणि त्याचा परिहार एकाच पातेल्यात आलेले दिसतात. प्रथेमागे हाच हेतू होता असे म्हणता येणार नाही. परंतु दोहोंचे साहचर्य लक्ष वेधून घेते.

तथापि आलेली झोप अडवून धरणाऱ्यासाठी चरकाचा उपाय अगदी वेगळा आहे. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात वेगधारणाची चर्चा करताना निद्रेचा वेग रोखल्याने जांभया, अंगदुखी, तंद्रा, डोकेदुखी आणि डोळ्यांचा जडपणा येतो, असे सांगितले आहे. त्यावर उपाय दोनच : झोप आणि अंग चेपणे. येथे काढा नाही, चूर्ण नाही, रसायन नाही. चिनी औषधयोगाच्या संदर्भात पाहिलेला निद्रानाश व निद्रावंचना यांतील भेद आयुर्वेदाने अशा रीतीने स्वतंत्र उपाययोजना देऊन पाळला आहे.

साधारणतः सातव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त याहून नेमके विधान येते. सवय नसताना जितका काळ जागरण घडले असेल, त्याच्या निम्मा काळ दुसऱ्या दिवशी सकाळी, काही न खाता झोपावे, असा त्याचा निर्देश आहे. सहा तास जागलेल्याने तीन तास झोपावे, इतका हा हिशेब सरळ आहे. न जेवता झोपण्याची अट दिवसाच्या झोपेने पचन मंदावते या विचारातून आली आहे. याच ग्रंथावर देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली. त्याच शतकाच्या अखेरीस, परंपरेनुसार १२९० मध्ये, नगर जिल्ह्यातील नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली. अति झोपणाऱ्याला व अति जागणाऱ्याला योग साधत नाही, हा गीतेच्या सहाव्या अध्यायातील विचार त्या निमित्ताने मराठीत आला. वैद्यक आणि अध्यात्म या दोन्ही ज्ञानशाखा निद्रेच्या प्रमाणबद्धतेवर एकाच काळात, एकाच राज्यात भाष्य करीत होत्या.

वाग्भटाच्या विधानातील 'सवय नसताना' ही अटही मोलाची आहे. सवयीने शरीर काही गोष्टी पचविते, यालाच आयुर्वेदात सात्म्य म्हणतात. परंतु सात्म्य होण्यासाठी नियमितपणा हवा. दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्याला ना दिवसाचे सात्म्य होते, ना रात्रीचे. शरीराच्या आंतरिक घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या क्षेत्रातील संशोधनाने सतत बदलणाऱ्या पाळ्यांचा घातकपणा अधोरेखित केला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये दैनंदिन लय बिघडविणाऱ्या पाळीच्या कामाला संभाव्य कर्ककारकांत स्थान दिले आणि २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाबाबत ते वर्गीकरण कायम ठेवले.

५. स्वीकारलेले जागरण आणि लादलेले जागरण

नगर जिल्ह्यात आयुर्वेदाच्या अध्यापनाची परंपरा शतकाहून जुनी आहे. वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ मध्ये येथे आयुर्वेद महाविद्यालय सुरू केले. अशा जिल्ह्यात जागरणाच्या परिहाराचे ज्ञान अनुपलब्ध आहे असे म्हणता येत नाही. मग अडचण कोठे आहे, हे पाहण्यासाठी येथील जागरणाचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात.

पहिले जागरण स्वीकारलेले असते. लग्नानंतरचे जागरण-गोंधळ, हरिनाम सप्ताहातील जागर, नवरात्र, यात्रेतील तमाशा ही त्याची रूपे. त्याची तिथी आधी ठरलेली असते, ते सर्वांनी मिळून केलेले असते आणि दुसऱ्या दिवशी विसावा घेण्याला समाजाची मान्यता असते. वाघ्या-मुरळीचे गाणे पहाटेपर्यंत ऐकणारा गृहस्थ सकाळी झोपला तर त्याला कोणी आळशी म्हणत नाही. वाग्भटाचा निर्देश या जागरणाला सहज लागू पडतो. गाणारे वाघ्या-मुरळी मात्र सकाळी पुढच्या गावाची वाट धरतात.

दुसरे जागरण लादलेले असते. कृषिपंपांना चक्राकार पद्धतीने काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज देण्याच्या व्यवस्थेमुळे शेतकऱ्याला मध्यरात्री बारे द्यायला जावे लागते. रब्बीच्या गव्हा-कांद्याला पाणी देण्याचा हा काळ ऐन थंडीचा असतो. ज्या हेमंतात लवकर निजून उशिरा उठावे असे सुवन सांगते, त्याच ऋतूत हा शेतकरी चिखलात उभा असतो. उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर वाढल्याने या जागरणाला भीतीचीही जोड मिळाली आहे. चक्राकार पाळीमुळे त्याला सात्म्यही लाभत नाही, कारण रात्रीची सवय होऊ लागते तोच पाळी पालटते.

साखर कारखानदारीचे जागरण याच स्वरूपाचे आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणी येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० पासून तेथे गाळप सुरू झाले. तेव्हापासून हंगामात रात्रंदिवस चालणारा कारखाना ही जिल्ह्याची ओळख झाली. कारखाना थांबत नाही, म्हणून ऊस थांबत नाही. ऊस थांबत नाही, म्हणून तोडणी कामगार थांबत नाही. पाथर्डी, शेवगाव या तालुक्यांतून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून आलेली जोडपी पहाटेच्या अंधारात फडात उतरतात आणि वाहन येईल त्या वेळी, बहुधा रात्री, उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहून ते भरून देतात. त्यातील स्त्रीला परतल्यावर चूल पेटवायची असते. तिच्या वाट्याची सकाळ तिच्या मालकीची नसते.

या पार्श्वभूमीवर चरकाची एक यादी नव्याने वाचण्यासारखी आहे. ग्रीष्म वगळता दिवसा झोपणे तो निषिद्ध मानतो. परंतु काही लोकांना सर्व ऋतूंत दिवसा झोपण्याची मुभा देतो. गायन, अध्ययन, कष्ट, ओझे आणि वाटचाल यांनी थकलेले, वृद्ध, बालक, दुर्बल, तसेच प्रवासाने व जागरणाने शिणलेले लोक या यादीत येतात. नगरच्या संदर्भात ही यादी वाचताना गायनाने थकलेला वाघ्या, ओझ्याने थकलेली ऊसतोड कामगार स्त्री, प्रवासाने शिणलेला मालमोटारचालक आणि जागरणाने शिणलेला शेतकरी डोळ्यांपुढे येतात. श्रमिकाच्या दिवसा झोपण्याला शास्त्राने आळस मानलेले नाही, तर त्याचा शारीरिक अधिकार मान्य केला आहे. 'दिवसा झोपू नये' एवढेच वचन लक्षात ठेवणाऱ्या मध्यमवर्गीय आरोग्यविचाराला या अपवादांचा विसर पडला आहे.

६. परिहाराची मर्यादा

दोन्ही परंपरांतील उपायांचे मूल्यमापन करताना काही बाबी मान्य कराव्या लागतात. कोमट पाण्याने पाय शेकणे, डोक्याला तेल लावणे, अंग चेपणे, हलका आहार घेणे यांनी आराम वाटतो आणि त्यांत धोका नगण्य आहे. औषधयोगांची गोष्ट वेगळी आहे. स्वानचाओरेन थांगवर चीनमध्ये अनेक चाचण्या झाल्या असल्या तरी त्यांतील बऱ्याच लहान आणि रचनेच्या दृष्टीने सदोष असल्याने ठाम निष्कर्ष काढणे अवघड आहे. शिवाय त्या निद्रानाशाच्या रुग्णांवरील आहेत. हुकलेल्या झोपेची जागा एखादी वनस्पती घेऊ शकते, असे त्यांवरून सिद्ध होत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. ज्याला झोपायला वेळच नाही त्याला निदान काढा तरी मिळावा, त्यात वावगे काय? हा आक्षेप सहानुभूतीतून येतो, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. आराम देणाऱ्या उपायांना विरोध असण्याचे कारण नाही. परंतु द्रव्याने भरपाई होते ही समजूत दृढ झाली की जागरण लादणाऱ्या व्यवस्थेकडे पाहण्याची गरज उरत नाही. थकव्याची जबाबदारी थकलेल्यावरच येऊन पडते. चीनमध्येही हेच घडले. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्यातून सहा दिवस काम करणारी तरुण पिढी थर्मासमध्ये गोजी फळे घालून जागत राहिली. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही कामाची पद्धत बेकायदेशीर असल्याचे स्पष्ट केले. या पद्धतीवरचे उत्तर चीनलाही औषधालयाऐवजी कामगार कायद्यात शोधावे लागले.

नगर जिल्ह्यात याला समांतर उदाहरण सापडते. शेतकऱ्यांना दिवसा वीज मिळावी या हेतूने २०१७ मध्ये आखलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या प्रायोगिक प्रकल्पासाठी पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव निवडले गेले. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा जाहीर झाला. ही योजना ऊर्जाविभागाची असल्याने तिच्याकडे आरोग्याच्या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. वास्तविक शेतकऱ्याला रात्री घरी झोपू देणारी वीजवाहिनी ही चरकाच्या अर्थाने निद्रेच्या वेगाचा मान राखणारी व्यवस्था आहे. ती जितक्या शिवारांपर्यंत पोहोचेल, तितक्या प्रमाणात जागरणाच्या परिहाराचा प्रश्नच उद्भवणार नाही. ऊसतोड कामगारांसाठी मात्र असा विचार अद्याप पुरेशा गांभीर्याने झालेला नाही. वाहन भरण्याच्या वेळा ठरविणे आणि रात्री भरणी केलेल्या टोळीला दुसरी सकाळ मोकळी देणे, ही वाग्भटाच्या निर्देशाची आजच्या काळातील अंमलबजावणी ठरू शकते.

निष्कर्ष

१. चिनी आणि आयुर्वेदीय या दोन्ही परंपरांनी जागरणाचे वर्णन आर्द्रतेच्या झिजेच्या रूपात केले आहे. 'आओ ये' आणि 'रक्त आटवणे' हे भाषिक प्रयोग याच अनुभवाची साक्ष देतात.

२. मराठीत लोकप्रिय झालेला चिनी घड्याळाचा तक्ता मूळ ग्रंथांतील ऋतुविचार व सूर्याधिष्ठित कालगणना वगळून तयार झाला आहे. त्याची स्वीकार्यता बऱ्याच अंशी 'पित्ताशय' आणि 'पित्त' या शब्दांच्या साम्यावर अवलंबून आहे.

३. निद्रानाश आणि निद्रावंचना यांत दोन्ही परंपरांच्या उपाययोजनेत अंतर आहे. औषधद्रव्ये मुख्यतः पहिल्यासाठी आहेत. दुसऱ्यासाठी आडवे होणे आणि मोजून झोपणे हाच उपाय सांगितला आहे.

४. चरकाने श्रमिकांना दिलेली दिवसा झोपण्याची मुभा आणि वाग्भटाने सांगितलेली निम्म्या काळाची झोप यांसाठी सकाळ मोकळी असावी लागते. नगर जिल्ह्यातील रात्री पाणी देणारा शेतकरी आणि ऊसतोड कामगार यांना ती उपलब्ध नसते.

५. म्हणून जागरणाच्या परिहाराचा विचार वैद्यकापुरता मर्यादित न ठेवता वीजपुरवठा, वाहतूक आणि कामाच्या वेळा यांच्या नियोजनाशी जोडणे आवश्यक आहे. प्राचीन ग्रंथांनी झोपेचे माप सांगून ठेवले आहे. त्या मापाइतकी सकाळ श्रमिकाच्या हाती देणे हे आजच्या समाजाचे काम आहे.